सरळव्याज, चक्रवाढव्याज आणि केऑसचा उंबरठा

मोडनिंब हे सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातील गाव. नकाशावर पट्टी ठेवून पाहिले तर या गावाच्या पूर्वेला सुमारे सव्वाशे किलोमीटरवर किल्लारी लागते, आणि पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे, दोनशे किलोमीटरच्या आत कोयना धरण. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, त्याची तीव्रता ६.३ च्या आसपास होती. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाची रात्र सरता सरता, ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. तीव्रता सुमारे ६.२. हजारो माणसे झोपेतच गेली. सोलापूर जिल्ह्यातही हा धक्का जाणवला, आणि मराठवाड्यातल्या कितीतरी गावांनी त्यापुढच्या अनेक रात्री घराबाहेर, उघड्यावर काढल्या.

अशा वेळी शाळेत मुले आणि गावात मोठी माणसे शिक्षकाला एकच प्रश्न विचारतात, "गुरुजी, हे लहान लहान धक्के आता किती दिवस येत राहणार?" प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर शोधताना आपण भौतिकशास्त्रातील एका वादग्रस्त आणि मोठ्या गमतीच्या विषयाच्या दारात येऊन पोचतो. त्या विषयाचे नाव अविस्तारी सांख्यिकीय यामिकी. नाव जड आहे, पण त्याचा गाभा सातवी-आठवीच्या व्याजाच्या गणितात सापडतो.

विसरण्याच्या दोन तऱ्हा

समजा, मोठ्या भूकंपानंतर पहिल्या दिवशी १०० लहान धक्के नोंदले गेले आणि दुसऱ्या दिवशी ५०. (हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत.) पुढे काय होईल?

एक अंदाज असा, की दर दिवशी धक्के निम्मे होतील. किरणोत्सारी पदार्थाचे असेच होते. मग तिसऱ्या दिवशी २५, चौथ्या दिवशी साडेबारा, आणि दहाव्या दिवशी सरासरी ०.२. म्हणजे दहा दिवसांत प्रकरण संपले. शंभराव्या दिवसाबद्दल तर बोलायलाच नको.

दुसरा अंदाज असा, की १०० ला दिवसाच्या क्रमांकाने भागावे. पहिल्या दिवशी १००, दुसऱ्या दिवशी ५०, दहाव्या दिवशी १०, शंभराव्या दिवशी १. पहिल्या दोन दिवसांचे आकडे अगदी तेच आहेत, पण पुढची गोष्ट पार वेगळी. पहिल्या तऱ्हेत सगळे धक्के मिळून सुमारे २०० भरतात. दुसऱ्या तऱ्हेत पहिल्या शंभर दिवसांतच ते ५१९ च्या घरात जातात आणि बेरीज पुढेही वाढतच राहते.

निसर्गाने यांपैकी दुसरी तऱ्हा निवडलेली आहे. १८९१ साली जपानमध्ये झालेल्या नोबी भूकंपाच्या पश्चात्-धक्क्यांचा अभ्यास करून फुसाकिची ओमोरी या भूकंपशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये हा नियम मांडला, आणि थोड्याफार फरकाने तो जगभर लागू पडताना दिसतो. पहिल्या तऱ्हेला घातांकी ऱ्हास म्हणतात, दुसरीला घात-नियम. घातांकी ऱ्हासात वस्तू आपला भूतकाळ झपाट्याने विसरते. घात-नियमात ती फार सावकाश विसरते.

असे का व्हावे? किरणोत्सारी पदार्थातला प्रत्येक अणू आपापला फुटतो. शेजारचा फुटला की नाही याचे त्याला काही देणेघेणे नसते. जमिनीखालच्या खडकाचे तसे नाही. एका जागी खडक सरकला की तिथला ताण शेजारच्या भेगेवर जातो, ती सरकली की तिच्या शेजारणीवर. प्रत्येक तुकडा दुसऱ्याशी बांधलेला आहे. हा 'बांधलेपणा' हिशेबात कसा धरायचा, हाच आपल्या विषयाचा मूळ प्रश्न.

रांगेतील मुले

एकोणिसाव्या शतकात बोल्ट्झमन आणि गिब्ज यांनी सांख्यिकीय यामिकीचा पाया घातला. असंख्य कणांच्या समूहाची स्थिती एका राशीने मोजायची, ती म्हणजे एन्ट्रॉपी. सर्व शक्यता सारख्याच संभाव्य असतील तर एन्ट्रॉपी म्हणजे शक्यतांच्या संख्येचा लॉग. लॉग का, हे वर्गात सहज दाखवता येते.

दहा मुलांची एक रांग करा. प्रत्येक मुलाने आपल्या मर्जीने उभे राहावे किंवा बसावे. रांगेच्या शक्य अवस्था २ चा दहावा घात, म्हणजे १,०२४. वीस मुले घेतली तर १०,४८,५७६. मुले दुप्पट झाली, पण अवस्था हजारपटीहून जास्त वाढल्या. आता २ या पायाचा लॉग घ्या: दहा मुलांसाठी १०, वीस मुलांसाठी २०. समूह दुप्पट, एन्ट्रॉपी दुप्पट. वस्तूच्या आकाराबरोबर त्याच प्रमाणात वाढणाऱ्या राशीला विस्तारी राशी म्हणतात. वजन, आकारमान, ऊर्जा या अशाच राशी आहेत. एन्ट्रॉपी त्यांच्या पंक्तीत बसते म्हणूनच उष्मागतिकीचे सगळे गणित जुळते.

आता खेळाचा नियम बदला. 'पुढचे मूल उभे असेल तरच मागच्याने उभे राहायचे.' आता फक्त किती मुले उभी आहेत एवढे सांगितले की पुरे. शून्य, एक, दोन अशा दहापर्यंत एकूण ११ अवस्था. वीस मुलांसाठी २१. लॉग घेतला तर दहा मुलांना सुमारे ३.४६ आणि वीस मुलांना सुमारे ४.३९. मुले दुप्पट झाली, पण एन्ट्रॉपी काही दुप्पट झाली नाही. मुले एकमेकांशी बांधली गेल्यावर लॉगची जुनी पट्टी अपुरी पडली.

त्सालिस यांचे सूत्र

१९८८ साली ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ कॉन्स्टान्टिनो त्सालिस यांनी एक नवे सूत्र सुचवले. कृती अशी: 'क्यू' नावाची एक संख्या ठरवा. प्रत्येक अवस्थेच्या संभाव्यतेचा क्यूवा घात घ्या. त्या सगळ्यांची बेरीज १ मधून वजा करा. उत्तराला (क्यू − १) ने भागा.

क्यू जसजसा १ च्या जवळ न्यावा तसतसे हे सूत्र बोल्ट्झमन-गिब्ज यांच्या जुन्या सूत्रात मिसळून जाते. (क्यू बरोबर १ ठेवला तर शून्य भागिले शून्य येते, म्हणून सीमा घ्यावी लागते. कॅलक्युलस येणाऱ्यांनी हे जरूर करून पाहावे.) म्हणजे जुने सूत्र खोटे ठरत नाही. ते एका मोठ्या कुटुंबातला एक सदस्य ठरते.

आता बांधलेल्या रांगेसाठी क्यू = ० घेऊ. कुठल्याही धन संख्येचा शून्यावा घात १ असतो. ११ अवस्थांची बेरीज ११. १ वजा ११ बरोबर −१०. त्याला −१ ने भागले की १०. वीस मुलांसाठी उत्तर २०. समूह दुप्पट, एन्ट्रॉपी दुप्पट. हरवलेला गुण परत मिळाला.

या सूत्राची एक किंमत मात्र मोजावी लागते. जुन्या सूत्रात दोन स्वतंत्र वस्तूंच्या एन्ट्रॉपींची सरळ बेरीज होते. नव्या सूत्रात बेरजेला आणखी एक पद चिकटते: (१ − क्यू) गुणिले दोन्ही एन्ट्रॉपींचा गुणाकार. क्यू = २ घेऊन एक नाणे तपासा. १ − (१/४ + १/४) = १/२. दोन नाण्यांच्या चार अवस्था, प्रत्येकीची संभाव्यता १/४, म्हणून १ − ४/१६ = ३/४. आणि सूत्राने १/२ + १/२ − १/४ = ३/४. हिशेब जुळला.

म्हणून नावाच्या बाबतीत थोडे सावध राहावे. या सूत्रात बेरीज सरळ होत नाही हे खरे, पण ते वापरायचे ते बांधलेल्या समूहासाठी एन्ट्रॉपी पुन्हा विस्तारी व्हावी याचसाठी. 'अविस्तारी' हे नाव रूढ झाले आहे एवढेच.

हेच सूत्र गणितात अगदी अपरिचित होते असेही नाही. हाव्रदा आणि शार्वा यांनी १९६७ मध्ये त्याचे एक रूप मांडले होते. क्यू = २ चे रूप तर जीवशास्त्राच्या शिक्षकांच्या ओळखीचे आहे. एखाद्या बागेतली दोन झाडे डोळे मिटून निवडली तर ती वेगवेगळ्या जातींची असण्याची शक्यता, म्हणजेच सिम्पसन यांच्या १९४९ च्या कामातून आलेला जैवविविधतेचा निर्देशांक. त्सालिस यांनी या गणिताला भौतिकशास्त्रात जागा करून दिली.

व्याजाचे गणित

नव्या एन्ट्रॉपीबरोबर एक नवे फलन येते, त्याला क्यू-घातांकी म्हणू. ते समजायला सावकाराच्या वहीत डोकवावे.

चक्रवाढव्याजात वाढीचा वेग शिल्लक रकमेच्या प्रमाणात असतो. रकमेचा पहिला घात, म्हणून क्यू = १. सरळव्याजात दरवर्षी तितकीच भर पडते, रक्कम कितीही असो. रकमेचा शून्यावा घात, म्हणून क्यू = ०. आता कोणी विचारले, की वाढीचा वेग रकमेच्या अर्ध्या घाताच्या, म्हणजे वर्गमुळाच्या प्रमाणात असेल तर? तेही व्याज संभवते. ते सरळव्याजापेक्षा वेगाने आणि चक्रवाढीपेक्षा सावकाश वाढेल. वाढीचा वेग राशीच्या क्यूव्या घाताइतका असला की जे फलन मिळते तेच क्यू-घातांकी.

वाढीऐवजी घट घेतली तरी हेच. घटीचा वेग राशीच्या पहिल्या घाताच्या प्रमाणात असेल तर घातांकी ऱ्हास होतो. तो वर्गाच्या प्रमाणात असेल, म्हणजे क्यू = २ असेल, तर काळाने भागण्याचा ओमोरीचा मूळ नियम मिळतो. प्रश्नातले दोन अंदाज एकाच फलनाची दोन रूपे निघाली, फक्त क्यू वेगळा.

केऑसच्या उंबरठ्यावर

देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांचा ६१७४ हा अंक आपल्या परिचयाचा आहे. चार अंकी संख्येतले अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर तीच कृती करा, आणि जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ला पोचा. (चारही अंक सारखे नसावेत.) एकच नियम परत परत लावणे ही केऑस अभ्यासण्याचीही मूळ रीत आहे. कापरेकरांच्या नियमात सगळ्या वाटा एका ठिकाणी येतात. केऑसमध्ये जवळजवळच्या वाटा फाकतात.

नियम असा: नवा क्ष = अ × क्ष × (१ − क्ष). क्ष हा शून्य आणि एक यांच्यामधला. रॉबर्ट मे या शास्त्रज्ञाने १९७६ मध्ये या साध्या सूत्रातील गुंतागुंतीकडे सगळ्यांचे लक्ष वेधले.

अ = ४ घ्या. एका गटाला ०.३ पासून सुरुवात करू द्या, दुसऱ्याला ०.३०१ पासून. पहिल्या पायरीला ०.८४ आणि ०.८४२. चौथ्या पायरीलाही फारसा फरक नाही: ०.०२२ आणि ०.०१८. सातव्या पायरीला ०.८७ आणि ०.७७. दहाव्या पायरीला ०.०४ आणि ०.६२! सुरुवातीचा फरक एक हजारांश होता. तो सरासरीने दर पायरीला दुप्पट होत गेला, आणि दहा पायऱ्यांत दुप्पट म्हणजे १,०२४ पट. हे चक्रवाढव्याज झाले. त्याचा दर मोजणाऱ्या संख्येला लियापुनोव्ह या रशियन गणितज्ञाचे नाव आहे. लियापुनोव्ह घातांक धन असेल तर केऑस आहे, ऋण असेल तर वाटा एकत्र येतात.

आता अ लहान करत आणा. अ = २.८ ला सगळ्या वाटा ०.६४३ ला येऊन थांबतात. अ = ३.२ ला क्ष दोन किमतींमध्ये आळीपाळीने फिरतो: ०.५१३ आणि ०.७९९. अ वाढवत नेला की चार किमती, मग आठ, मग सोळा. हे दुप्पट होणे अ = ३.५६९९४५६ च्या सुमारास अनंताला पोचते. त्यापलीकडे केऑसचा प्रदेश सुरू होतो. हा आकडा म्हणजे केऑसचा उंबरठा.

उंबरठ्यावर लियापुनोव्ह घातांक शून्य भरतो. जुनी पट्टी म्हणते, 'फरक वाढतही नाही आणि घटतही नाही.' पण तो वाढतो! वाढ इतकी सावकाश असते की चक्रवाढीच्या पट्टीवर तिची नोंद होत नाही. योग्य बिंदूपासून सुरुवात केली आणि १, ३, ७, १५ अशा पायऱ्यांवर पाहिले, तर पायऱ्यांची संख्या दुप्पट झाली की फरक सुमारे अडीच पट होतो. नेमका गुणक २.५०२९. मिचेल फायगेनबॉम यांनी १९७० च्या दशकात शोधलेल्या स्थिरांकांपैकी हा एक. केऑसमध्ये दर पायरीला दुप्पट, उंबरठ्यावर पायऱ्या दुप्पट केल्यावर अडीच पट. फरक किती प्रचंड आहे पाहा: १,०२३ पायऱ्यांनंतर उंबरठ्यावरची वाढ दहा हजार पटीच्या आत राहते. चक्रवाढीची वाढ ३०८ अंकी संख्या होते.

ही सावकाश वाढ क्यू-घातांकी फलनाच्या साच्यात बसते. क्यू किती, हे त्या २.५०२९ वरूनच काढता येते: २ च्या लॉगला २.५०२९ च्या लॉगने भागा आणि उत्तर १ मधून वजा करा. ०.२४४५ मिळते. सरळव्याज आणि चक्रवाढव्याज यांच्या मधले, सरळव्याजाकडे झुकलेले. त्सालिस, प्लास्तिनो आणि झेंग यांनी १९९७ मध्ये हा संबंध दाखवला. पुढे असेही दिसले, की उंबरठ्यावर एका जागी गोळा केलेले असंख्य बिंदू पसरू दिले, तर क्यू = ०.२४४५ घेऊन मोजलेली एन्ट्रॉपी पायऱ्यांच्या प्रमाणात वाढते. रांगेतल्या मुलांसाठी क्यू = ० ने जे काम केले, तेच इथे या आकड्याने केले.

ताळा

कुठल्याही नव्या सूत्राचा ताळा करून पाहावा लागतो. क्यू हा आकडा मूळ यांत्रिक नियमातून काढता आला तर सूत्राला अर्थ आहे. आलेखाशी जुळेल असा क्यू नंतर निवडला तर ते निव्वळ वर्णन झाले. या विषयावर गेली अनेक वर्षे हाच आक्षेप घेतला जातो. पीटर ग्रासबर्गर यांनी २००५ मध्ये म्हटले, की उंबरठ्यावरची वाढ फायगेनबॉम यांच्या गणितातून समजते, त्यासाठी नव्या उष्मागतिकीची गरज नाही. मायकेल नॉयेनबर्ग यांनी २००३ मध्ये तापमानाच्या व्याख्येबद्दल शंका उपस्थित केल्या. दुसऱ्या बाजूला, लेझरच्या जाळ्यात पकडलेल्या थंड अणूंच्या वेगांचे वाटप कसे असेल याचे भाकीत एरिक लुट्झ यांनी २००३ मध्ये केले. त्यातला क्यू प्रयोगातील राशींवरून आधीच ठरत होता. २००६ मध्ये लंडनमधील प्रयोगाने भाकिताला दुजोरा दिला. सर्नच्या प्रयोगांत कणांचे संवेग या फलनाशी चांगले जुळतात, पण तिथे क्यू बहुतेक वेळा आकडेवारीवरूनच ठरवला जातो.

भूकंपांच्या बाबतीतही तेच. सुमियोशी आबे आणि सुझुकी यांनी २००३ मध्ये जपान आणि कॅलिफोर्निया येथील नोंदी घेऊन लागोपाठच्या दोन भूकंपांमधले अंतर क्यू-घातांकी फलनाने मांडले. जुळणी चांगली आहे, पण खडकांच्या गुणधर्मांवरून क्यू आधी सांगता येणे ही पुढची पायरी आहे.

गुरुजींचे उत्तर

मग मुलांना काय सांगायचे? तीन गोष्टी निश्चित सांगता येतात. एक, पश्चात्-धक्के दिवसागणिक कमी होतील, आधी झपाट्याने आणि मग सावकाश. दोन, महिन्या-दोन महिन्यांनी एखादा धक्का जाणवला तर तो आश्चर्याचा नाही. खडकाची आठवण लांबते, आणि त्यावरून 'आता याहून मोठा येणार' अशी अफवा पसरवण्याचे कारण नाही. तीन, हा नियम सरासरीचा आहे. अमुक दिवशी अमुक वाजता धक्का येईल असे तो सांगत नाही, आणि मोठा धक्का येणारच नाही अशी हमीही देत नाही. तडे गेलेल्या घरात तपासणी केल्याशिवाय झोपायचे नाही, हे कुठल्याही क्यूने बदलत नाही.

कोयनेची गोष्ट आणखी वेगळी आहे. १९६० च्या दशकात जलाशय भरू लागल्यापासून तिथे धक्के सुरू झाले आणि इतक्या वर्षांनीही ते थांबलेले नाहीत, कारण दर पावसाळ्यात पाण्याची पातळी चढते आणि नंतर उतरते. खडकावरचा ताण बाहेरून पुन्हा पुन्हा बदलत राहतो. तिथे साध्या ऱ्हासाचा नियम सगळ्या धक्क्यांना लावणे चूक ठरेल.

वर्गात करून पाहा

राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र भूकंपांच्या नोंदी जाहीर करते. एखाद्या मोठ्या भूकंपानंतरच्या रोजच्या धक्क्यांची संख्या मुलांना मोजायला सांगा. एका आलेखावर आडव्या अक्षाला दिवस आणि उभ्या अक्षाला संख्येचा लॉग घ्या. दुसऱ्यावर दोन्ही अक्षांना लॉग घ्या. पहिल्या आलेखावर बिंदू सरळ रेषेत आले तर ऱ्हास घातांकी आहे, दुसऱ्यावर आले तर घात-नियम. दुसऱ्या आलेखावर सुरुवात वाकलेली आणि शेपूट सरळ दिसली, तर तोच क्यू-घातांकीचा आकार. त्या शेपटीचा उतार मोजा, चिन्ह सोडून द्या, १ ला उताराने भागा आणि त्यात १ मिळवा. जी संख्या येईल ती तुमच्या वर्गाने मोजलेला क्यू. उतार १ आला तर क्यू २ येईल, म्हणजे ओमोरीचा मूळ नियम.

उत्तर किती आले यापेक्षा वेगवेगळ्या गटांची उत्तरे एकमेकांपासून किती दूर आहेत, याची चर्चा वर्गात अवश्य घडवावी. थोड्या बिंदूंवरून काढलेल्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा, हे मुलांना तेव्हाच उमगते.